हात जाईल तिथं नजर जाते

वाचकाचं पत्र :

मावशी, मी आजरा तालुक्यातली. बी.कॉम. झाले आणि आठ महिन्यांपूर्वी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका ऑफिसात अकाउंट्सला लागले. राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहते. महिन्यापूर्वी डबा खाताना आमच्या एक सीनियर मॅडम शेजारणीला हळूच म्हणाल्या, ‘चपला बघितल्या की गाव कळतं.’ ते माझ्याबद्दल होतं. उजव्या पायातल्या कोल्हापुरीचा अंगठा सुटला होता, तो मी काळ्या दोऱ्यानं बांधला होता. तेव्हापासून पाय टेबलाखाली ओढून बसते. मागच्या पगारातले तीन हजार दोनशे रुपये कपड्यांवर घातले आणि घरी कमी पाठवले. आईला खरं कारण सांगितलं नाही. आता पुढच्या महिन्यात ऑफिसातल्या एकीचं लग्न आहे, सगळ्याजणी नव्या साड्या घेणार आहेत. घरी आईची एक इरकल साडी आहे. रूममेट तिचा एक ग्रॅमचा साज देते म्हणाली आहे. तुम्ही इतकी वर्षं शिवणकाम केलंय. लोक दुसऱ्याच्या कपड्यांत सगळ्यात आधी काय बघतात तेवढं सांगा, म्हणजे मी तेवढंच नीट करीन.

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘आईला खरं कारण सांगितलं नाही’ या ओळीवर थांबले. चपलेच्या अंगठ्यापासून निघालेली गोष्ट आईपर्यंत पोचली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मंगळवार पेठेत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान बत्तीस वर्षं होतं. आठ बाय दहाची जागा, दोन मशिनी, एक पडदा आणि पडद्यासमोर भिंतीला लावलेला उभा आरसा. तू जे विचारतेस ते मी रोज त्या आरशात बघत आले.

एका लग्नसराईतली गोष्ट सांगते. मुलीच्या लग्नासाठी शिवलेला ब्लाउज ट्रायलला घालून एक बाई पडद्याबाहेर आल्या. आरशात बघितल्याबरोबर त्यांचा हात पोटावर गेला. निऱ्या खोचतात त्याच्या वरची चार बोटं जागा त्यांनी तळव्यानं झाकून धरली. मी मागं उभी, ओठांत टाचण्या, आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या डाव्या खांद्यावर, कारण तिथली शिवण अर्धं बोट खाली उतरली होती. स्टुलावर त्यांची जाऊ बसली होती, ती म्हणाली, ‘पाठीचा गळा झकास आलाय.’ आणि दारात उभी असलेली धाकटी पोरगी ओरडली, ‘आई, लटकनला घुंगरू हाईत!’ चौघीजणी एकाच ब्लाउजकडं बघत होतो. पोटाकडं बघणाऱ्या त्या एकट्याच. आणि त्यांनी हात ठेवल्यावर मग आम्ही तिघीही तिकडं बघितलं.

हे मी पुढं शेकड्यांनी बघितलं. ट्रायलला आलेली बाई आरशात कपडा बघतच नाही. तिचा हात आधी तिच्या दुखऱ्या जागेवर जातो. कुणाचा दंडावर, कुणाचा मानेवरच्या काळपटपणावर, कुणाचा पदर पुढं ओढून छातीवर. बाकीच्यांना ती जागा ठाऊकही नसते. हात गेला की ठाऊक होते.

तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. लोक आधी तिथं बघतात जिथं तू स्वतः सारखी बघतेस. नजर हलणाऱ्या गोष्टीकडं आधी वळते, डोळ्याची घडणच तशी आहे. समोर दहा बायका स्वस्थ बसल्या असतील आणि एक सतत ओढणी सारखी करत असेल, तर बघणारा त्या ओढणीकडं बघणार. त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो. तू पाय टेबलाखाली ओढतेस ना, तेव्हा खुर्ची सरकते, गुडघा हलतो, आणि शेजारची खाली बघते. दोऱ्यानं बांधलेला अंगठा तिला एरवी दिसला नसता असं मी म्हणत नाही, कदाचित दिसला असता. पण तू आता तो रोज दाखवते आहेस.

आणखी एक. कोण काय बघतो हे त्याच्या कामावर फार अवलंबून असतं. गुजरीतला सराफ आधी गळ्याकडं बघणार. मी खांद्याच्या शिवणीकडं आणि मुंढ्याकडं, म्हणजे बाही जोडतात त्या जागेकडं, बघते, अजूनही, देवळाच्या रांगेत उभी असले तरी. अंबाबाईला पुढच्या बाईच्या पाठीवर चुणी दिसली की ‘मुंढा अर्धा इंच खाली घ्यायला हवा होता’ असं मनात येतंच. कोल्हापुरी बनवणारे माझ्या ओळखीचे एक कारागीर होते, ते माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे. टाच कुठल्या बाजूनं झिजली आहे त्यावरून हा माणूस वजन कुठल्या पायावर टाकतो ते सांगायचे. तालमीतली पोरं दुसऱ्या पोराची मान आणि कान बघतात. माझी सासू लुगड्याचा काठ बघायची, कारण तिच्या माहेरी माग होता. तुझ्या मॅडमनी चपला बघितल्या. का बघितल्या ते मला माहीत नाही. पण चपलेवरून माणसाचं गाव ओळखायची सवय कुणाला उगाच लागत नाही. कधीतरी त्यांच्याही पायाकडं कुणीतरी असंच बघितलेलं असण्याची शक्यता मला मोठी वाटते. त्यानं त्यांचं बोलणं बरोबर ठरत नाही. त्यावर पुढं लिहिते.

आता कामापलीकडची साधारण माणसं काय बघतात, तेही सांगते, कारण तू सरळ विचारलं आहेस. महाद्वार रोडवर संध्याकाळी बाजूला उभी राहून बघ. लांबून येणारं माणूस आधी रंग म्हणून दिसतं आणि चाल म्हणून दिसतं. ओळखीची बाई तू कपड्यांवरून ओळखतेस की चालीवरून? चालीवरूनच. जवळ आलं की नजर तोंडावर जाते. त्यानंतर जे जागेवर नाही ते दिसतं : उतरलेला खांदा, मागून लोंबणारा धागा, कुर्त्याखालून वर सरकलेली सलवार, एक बटण उघडं. किंमत फार नंतर दिसते, आणि तीही ज्याला त्या बाजारातलं कळतं त्यालाच. साडेतीनशेचा कुर्ता अंगाबरोबर बसला असेल तर तो साडेतीनशेचा आहे हे माझ्यासारखीला कळेल, कारण मी शिवण उलटी करून बघते. तुझ्या ऑफिसात तुझी शिवण कुणी उलटी करत नाही.

माझी लेक मानसशास्त्र शिकवते. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, तेव्हा तिनं मला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, 2000 साली छापला. त्यांनी कॉलेजातल्या एकेका पोराला एका गायकाचं मोठं तोंड छापलेला टी-शर्ट घालायला लावला, असा की त्या वयात अंगावर घालायला लाज वाटावी. मग त्याला एका खोलीत पाठवलं, तिथं बाकीची मुलं आधीच बसलेली. थोड्या वेळानं बाहेर आणून विचारलं, आतल्या किती जणांना तुझ्या शर्टवर कोण होतं ते सांगता येईल? पोरांना वाटलं, साधारण निम्म्यांना. प्रत्यक्षात सांगता आलं साधारण चौथ्या हिश्श्याला. आपल्याला वाटतं त्याच्या निम्म्यांनीच बघितलेलं असतं. लेक म्हणाली, ‘आई, तुझा आरसा आणि हा टी-शर्ट एकच आहे.’

पण मी तुला खोटा धीर देणार नाही. कपड्यांनी काहीच फरक पडत नाही असं सांगणारी माणसं असतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्या अंगावर नीट कपडे असतात. फरक पडतो. लेकीनंच दुसरं एक संशोधन सांगितलं, 2020 सालचं, प्रिन्स्टन विद्यापीठातलं. तेच चेहरे, कपडे वेगळे. जरा बऱ्या घरचे वाटतील अशा कपड्यांतला चेहरा लोकांना जास्त कर्तबगार वाटला. फोटो सेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा दाखवला तरी. ‘कपड्यांकडं लक्ष देऊ नका’ असं आधी बजावून सांगितलं तरी. हे ऐकून मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. बँकेत गाऊनवर ओढणी घेऊन गेलं तर काउंटरवरचा कसा बोलतो आणि काठाची साडी नेसून गेलं तर कसा बोलतो, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही बाईला विचार. तेव्हा तुला अस्वस्थ वाटलं यात तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते तीन हजार दोनशे रुपयांत, कारण ते दुखऱ्या जागेवर गेलेच नाहीत. चपलेचा अंगठा दोऱ्यानंच बांधलेला राहिला, आणि कपाटात तीन नवे ड्रेस आले. असंच ना?

तर चपलांचं आधी करू.

तुझ्या चपलेत लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला खरंच कळलं नाही. आजऱ्याचा पाऊस मला माहीत आहे. कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. ते कोरड्यात वर्षानुवर्षं चालतं, पण भिजलं की फुगतं, आणि भिजलेलं उन्हात टाकलं की वाकून कडक होतं. मग आधी सुटतो तो अंगठा, कारण चालताना सगळा ताण त्याच्यावर येतो. म्हणजे तुझी चप्पल खरी आहे आणि ती पावसात वापरली गेली आहे, एवढाच त्या तुटलेल्या अंगठ्याचा अर्थ. रस्त्याच्या कडेला छत्री लावून बसलेल्या चप्पल शिवणाऱ्या मामांकडं ती घेऊन जा. काळा दोरा आधी काढून टाक. अंगठा नवीन बसवून मिळतो, आणि वेणीचा टाका सैल झाला असेल तर तोही त्याच बैठकीत भरून घे. घरी आल्यावर कोरड्या फडक्यानं पुस, तेलाचं बोट फिरव, सावलीत ठेव. पावसाळ्यात ऑफिसला जाताना साधी रबरी सँडल घाल. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर रबरीच घालतं.

आणि ज्या पायताणावरून तुझं गाव ओळखलं, त्याबद्दल दोन गोष्टी तुला ठाऊक असाव्यात. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या आपल्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. आणि जून 2025 मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये अगदी अशाच घाटाच्या चपला आणल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. इथल्या कारागिरांनी आवाज उठवला, तेव्हा कंपनीला मान्य करावं लागलं की मूळ कल्पना भारतातल्या हाताच्या चपलांची. त्या आठवड्यात चप्पल लाईनीत दुसरा विषय नव्हता. त्याच घाटाची चप्पल तुझ्या पायात दिसली तर ‘गाव कळतं’. चपलेत काही बदललं नव्हतं.

आता कपडे. घेतलेले ड्रेस परत होत असतील तर एक परत कर. होत नसतील तर राहू देत, त्यावर झुरत बसू नको. पण पुढचे सहा महिने नवीन काही घेऊ नको. तुझ्याकडं जे आहे ते अंगाबरोबर करून घे. तयार कुर्ता घेतला की तो कुणाच्याच मापाचा नसतो. खांदा मोठा असतो, कंबर सरळ असते, बाही कोपराशी अडते. जवळच्या टेलरकडं ने आणि अल्टर करून घे. एका नव्या ड्रेसच्या पैशात चार जुने ड्रेस बसवून मिळतात. टेलरला ‘फिटिंग करा’ एवढंच म्हणू नको, तो दोन्ही बाजूंनी टिपा मारून देईल आणि तुला श्वास घेता येणार नाही. असं सांग : खांद्याची शिवण हाडावर आणा, कमरेत आत घ्या पण घेरात हात लावू नका, आतली मार्जिन कापू नका. मार्जिन कापली की पुढं अंग भरल्यावर तो कुर्ता गेला. आणि घ्यायला जाशील तेव्हा दुकानातच घालून बघ. दोन्ही हात वर कर. खाली वाक. स्टूल असेल तर बस. उभं राहून आरशात सगळं बरं दिसतं, पण ऑफिसात तू नऊ तास बसलेली असतेस.

एक गोष्ट बायका टेलरला सोडून कुणाशी बोलत नाहीत, म्हणून मी लिहून टाकते. आतल्या कपड्यांवर पैसे घाल. नीट मापाची ब्रेसियर असेल तर दोनशेचा कुर्ता बसतो, आणि नसेल तर पैठणीचा ब्लाउजही बसत नाही. निम्म्या तक्रारी मी ब्लाउज उसवून सोडवल्या, त्यांतल्या किती तरी आतूनच सुटायच्या होत्या. वयात आलेल्या पोरींना हे कुणी सांगत नाही. त्या पाठीला पोक काढून चालायला शिकतात, आणि लांबून येणारी ती पहिली दिसणारी चाल तिथंच बिघडते.

बाकी इस्त्री, धागे कापणं, सुटलेलं बटण त्याच रात्री लावणं, हे तुला आईनं शिकवलेलं असणार.

आता त्या मॅडम.

माझं लग्न होऊन मी गगनबावड्याकडून या गावात आले, तेव्हा गल्लीतल्या पहिल्याच हळदीकुंकवाला गेले होते. अंगावर आईनं दिलेली साडी, पदराजवळ बोटभर रफू केलेली. आईनं रफू इतकं बारीक केलं होतं की धागा कुठला आणि कापड कुठलं कळू नये. गल्लीतल्या एका बाईनं सगळ्यांसमोर माझा पदर चिमटीत धरला, उजेडात नेऊन बघितला आणि म्हणाली, ‘हे कुठलं गं?’ मी काही बोलले नाही. घरी येऊन साडी घडी करून ठेवली ती पुन्हा नेसले नाही. त्या बाईच्या अंगावर त्या दिवशी कुठली साडी होती, कुठला रंग होता, मला आज आठवत नाही. तिची चिमटी मात्र आठवते, अंगठ्याचं नखसुद्धा. आणि आईच्या हातचं ते रफू मी नंतर कधी उलगडून बघितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. शिवणकाम शिकल्यावर कळलं की तसं रफू करायला किती वेळ लागतो.

म्हणून तुझ्या बाबतीत मला राग आला आहे. ‘गाव कळतं’ हे शिवीसारखं वापरायचं असेल तर कोल्हापुरात तरी वापरू नये. याच गावात शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, ती खेड्यापाड्यातल्या पोरांना इथं राहून शिकता यावं म्हणून. शनिवार पेठेपासून राजारामपुरीपर्यंत कुठल्याही घरात जा, दोन पिढ्या मागं गेलं की कागल, पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड निघतंच. आजऱ्याहून येऊन स्वतःच्या पगारावर राहणारी मुलगी ही या गावाची जुनी रीत आहे.

पण राग आला म्हणून तू त्यांच्याशी भांडावंस असं मला वाटत नाही. त्या तुझ्याशी बोलल्या नव्हत्या, दुसरीशी बोलल्या होत्या. आता महिन्यानं तो विषय काढलास तर त्या नाकारतील, आणि तू उगाच मनाला लावून घेणारी ठरशील. पुन्हा तुझ्यासमोर, तुला ऐकू येईल असं बोलल्या, तर डबा खाता खाता मान वर करून नुसतं म्हण, ‘होय मॅडम, आजऱ्याची.’ आवाज चढवू नको आणि हसण्यावारीही नेऊ नको. त्या पुढं काही म्हणाल्या तर तू जेवत राहा. घरून घनसाळ तांदूळ आणलेला असेल तर त्या दिवशी डब्यात भात ने. त्याच्या वासानं टेबलावरचा विषय आपोआप बदलतो, हे मी अनुभवानं सांगते.

आणि दुपारी पाय टेबलाखाली ओढायचे नाहीत. पहिले चार दिवस जड जाईल. अंगठा शिवून झाला की मग सुरुवात कर, म्हणजे सोपं जाईल. आमच्या दुकानात एक शिक्षिका यायच्या. त्यांच्या डाव्या दंडाला कुकरच्या वाफेनं भाजल्याचा डाग होता. पहिल्यांदा आल्या तेव्हा माप घेईपर्यंत त्यांनी बाही चार वेळा खाली ओढली, म्हणून मला तो दिसला. त्यांना कोपराच्या खाली जाणारी बाही हवी होती. उन्हाळा होता. मी बाही कोपराच्या जरा वरच ठेवली, फक्त दंडघेर अर्धा इंच सैल केला. कारण घट्ट बाही हात हलवला की वर चढते, आणि वर चढली की ओढावी लागते. सैल बाही जागेवर राहते. त्या थोड्या नाराजीनंच घेऊन गेल्या. महिन्यानं दुसरं कापड घेऊन आल्या, पिशवी खुंटीला अडकवायला हात वर केला, डाग सगळा दिसला. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मापाची वही काढेपर्यंत त्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाचं सांगत होत्या. मी त्यांना काही बोलले नाही. तसाच दंडघेर लिहून घेतला.

साजाचं वरच्यावरूनच कळेल. रूममेटचा साज घेऊ नको. तिचं मन मोठं आहे, पण उसना दागिना गळ्यात असला की हात सारखा गळ्याला जातो, फासा निघाला काय, पान निसटलं काय. जुन्या पद्धतीच्या पुऱ्या साजात एकवीस पानं असतात : दहा विष्णूच्या अवतारांची, आठ अष्टमंगळांची, दोन माणिक आणि पाचूची, आणि एक डोरलं. तू जेवणाच्या पंगतीत बसून ती मोजत बसशील. तुझ्या स्वतःच्या कानात जे आहे ते पुरे. गळ्यात काही घालावंसं वाटलं तर काळ्या मण्यांचं बारीक काहीतरी घे, दहा मिनिटांत विसरशील असं.

आणि आता इरकल. तू ती ‘एक’ म्हणून लिहिलीस, जसं काही तिच्याबद्दल माफी मागतेस. आईची असेल तर टोपपदराची असण्याची शक्यता आहे. पदर उलटा करून खिडकीपाशी ने आणि जिथं पदर अंगाला मिळतो ती जागा बघ. खऱ्या इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, आणि दोन्हींचे धागे एकेक करून एकमेकांत अडकवून मागावर जोडलेले असतात. हात फिरवलास तर तिथं एक बारीक आडवी रेघ बोटाला लागेल. हे काम विणायच्या आधी होतं आणि त्याला दोघंतिघं लागतात. लग्नाला नव्या साड्या नेसून आलेल्यांत अशी जोड कुणाच्या पदरावर असेल असं मला वाटत नाही. कुणी बघेल की नाही ते सोड. तू बघ.

तीच नेस. पण तिच्यावर आईचा ब्लाउज नको, तुझ्या मापाचा नवा शिव. इरकलीवर खणाच्या कापडासारखं दुसरं काही खुलत नाही. काठातल्या रंगाचा खण घे, अंगाच्या रंगाचा नको. बाही कोपराच्या वर, गळा फार खोल नको, कारण पदर जाड असतो आणि खोल गळ्यावरून घसरतो, मग हात आलाच. अस्तर सुती लावायला सांग आणि अस्तराचं कापड आधी भिजवून घे, नाहीतर पहिल्या धुण्यात आत ओढ बसते आणि खणाला चुण्या पडतात. टेलरकडं माप देताना घातलेला ब्लाउज देऊ नको, अंगावर माप घ्यायला लाव. लग्नाआधी आठ दिवस हातात येईल असं कबूल करून घे, आणि लग्नाची तारीख त्याला चार दिवस अलीकडची सांग. टेलरच्या जातीचीच आहे मी, म्हणून सांगते.

या रविवारी घरी जाणार असशील तर साडी घेऊन ये, आणि घेताना आईला विचार की ही कधी घेतली, कुठून घेतली. मग तीन हजार दोनशेचंही सांग. साडी मांडीवर असताना सांगितलंस तर सोपं जाईल. कोल्हापूरला आणल्यावर ट्रंकेत ठेवू नको. घडी मोडून एक दिवस सावलीत दांडीवर टाक, जुन्या घडीवर धागा तुटायला आला असेल तर तेव्हाच दिसतो. तसा दिसला तर त्या घडीच्या मागून पातळ मलमलची पट्टी हातशिलाईनं लावून घे, मशीन फिरवू देऊ नको. फॉल काढून नवा लाव. मग उलटी करून, वर सुती फडकं ठेवून, मध्यम इस्त्री.